लघुरेणू, आरएनए-बंधक प्रथिने आणि ‘नियंत्रण’ ही संकल्पना : एक चिकित्सा

प्रस्तावना :

जीवाणूंमधील जनुकनियंत्रण हा घटक पदवीच्या वर्गात शिकविताना आपण बहुतेक सर्वजण एकाच आकृतीपासून प्रारंभ करतो. फळ्यावर एक आडवी रेघ, रेघेवर चार-पाच चौकटी, डावीकडे एक गोल आणि त्या गोलाला येऊन चिकटणारा एक लहानसा त्रिकोण. रेघ म्हणजे डीएनए, गोल म्हणजे दमनकारी प्रथिन आणि त्रिकोण म्हणजे लघुरेणू. त्रिकोण चिकटला की गोल सुटतो आणि जनुके कार्यान्वित होतात. फ्रान्स्वा जाकोब आणि झाक मोनो यांनी 1961 साली मांडलेल्या ऑपेरॉनच्या कल्पनेचे हे शालेय रूप होय. आंद्रे ल्वॉफ यांच्यासह या दोघांना 1965 चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून ही आकृती जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हललेली नाही.

आकृती चुकीची आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. ती एकमेव झाली आहे, ही खरी अडचण आहे. तिच्यामुळे दोन समजुती विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसतात : एक, लघुरेणूंचा परिणाम होतो तो डीएनएवर बसणाऱ्या प्रथिनांवरच, आणि दुसरी, ई. कोलाय या जीवाणूत जे घडते तेच सर्व जीवाणूंत घडते. या दोन्ही समजुतींना छेद देणारे एक समृद्ध क्षेत्र गेल्या तीन-साडेतीन दशकांत उभे राहिले आहे. ते क्षेत्र म्हणजे आरएनएला चिकटणारी प्रथिने आणि त्या प्रथिनांच्या वर्तनात बदल घडविणारे लघुरेणू. प्रस्तुत लेखात नवे प्रयोग सादर करावयाचे नसून या क्षेत्रातील काही प्रसिद्ध उदाहरणांची, त्यांच्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानांची आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या भाषेची चिकित्सा करावयाची आहे.

जीवाणूची निवड :

केनवडच्या शिवारात खरिपात सोयाबीन आणि तूर उभी असते. या काळ्या मातीत ज्या जीवाणूंची वस्ती असते त्यांत बॅसिलस या प्रजातीचे स्थान मोठे आहे. बॅसिलस सबटिलिस हा मूळचा मातीतला जीवाणू. जपानमध्ये उकडलेले सोयाबीन आंबवून ‘नात्तो’ हा पदार्थ करतात, तोही याच जीवाणूच्या एका वाणाने. म्हणजे आपल्या पिकाशी आणि आपल्या मातीशी या जीवाणूचे नाते ई. कोलायपेक्षा कितीतरी जवळचे आहे. तरीही आपल्या वर्गात बोलबाला आहे तो माणसाच्या आतड्यातल्या ई. कोलायचा. त्याला ऐतिहासिक कारणे आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. परंतु ‘जीवाणूंमधील ट्रिप्टोफॅन ऑपेरॉन’ असे शीर्षक देऊन केवळ ई. कोलायची यंत्रणा शिकविणे याचे समर्थन इतिहासाने होत नाही. प्रस्तुत लेखकानेही आपल्या एम.फिल.च्या लघुप्रबंधात हे शीर्षक नेमके असेच मोघम लिहिले होते आणि त्यावर कोणीही आक्षेप घेतला नव्हता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

एक अमिनो आम्ल, दोन जीवाणू :

ई. कोलायमधील यंत्रणा सर्वांच्या परिचयाची आहे. ट्रिप्टोफॅन विपुल असले की ते दमनकारी प्रथिनाला चिकटते, ते प्रथिन डीएनएवर बसते आणि प्रतिलेखनाचा प्रारंभच रोखला जातो. या मार्गाने जनुकांची अभिव्यक्ती सुमारे 70 पटींनी घटते. याशिवाय चार्ल्स यानोफ्स्की यांनी उलगडलेला दुसरा मार्ग आहे. ऑपेरॉनच्या आरंभी 14 अमिनो आम्लांचा एक अल्पसा पेप्टाइड असतो व त्याच्या संकेतांत ट्रिप्टोफॅनचे दोन संकेत लागोपाठ येतात. ट्रिप्टोफॅनने भारित झालेला टी-आरएनए अपुरा असला की रायबोसोम तेथे अडखळतो, आरएनएची घडी वेगळी पडते आणि प्रतिलेखन पुढे चालू राहते. हा पुरवठा पुरेसा असला की समाप्तीची घडी पडते. यातून आणखी 8 ते 10 पटींचा फरक पडतो. येथे आरएनएच्या घडीचा निर्णय रायबोसोमच्या गतीवर सोपविलेला आहे.

बॅसिलस सबटिलिसमध्ये हेच अमिनो आम्ल आहे, ते तयार करणारी जनुकेही तीच आहेत. यंत्रणा मात्र सर्वस्वी निराळी आहे. येथे ट्रिप्टोफॅन थेट एका आरएनए-बंधक प्रथिनाला चिकटते. या प्रथिनाचे संक्षिप्त नाव ‘ट्रॅप’. त्याचे जनुक 1990 साली पॉल गोलनिक, यानोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. जनुकाचे नाव ‘एमटीआर-बी’ असे आहे आणि त्या नावातच या शोधाची कथा दडलेली आहे. पाच-मिथिल ट्रिप्टोफॅन हा खऱ्या ट्रिप्टोफॅनचा तोतया. तो जीवाणूला फसवितो : ट्रिप्टोफॅन भरपूर आहे असा भास निर्माण होऊन त्याची निर्मिती बंद पडते आणि पेशी उपाशी राहते. जे उत्परिवर्ती या फसवणुकीला दाद देत नाहीत ते मिथिल-ट्रिप्टोफॅन-रोधी, म्हणून ‘एमटीआर’. अशा काही उत्परिवर्तींमध्ये ट्रॅप हे प्रथिनच निकामी झालेले होते.

ट्रॅपची रचना 1995 साली यॉर्क येथील अभ्यासगटाने स्फटिकाच्या साहाय्याने उलगडली. अकरा एकसारख्या उपघटकांचे ते एक कडे आहे. प्रत्येक दोन शेजारी उपघटकांच्या मध्ये एक खोबण असते व तीत ट्रिप्टोफॅनचा एक रेणू बसतो. म्हणजे अकरा खोबणींत अकरा रेणू. 1999 साली आरएनएसह असलेली रचना प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की आरएनएचा धागा या कड्याच्या बाहेरच्या कडेवर गुंडाळला जातो. ऑपेरॉनच्या आरंभीच्या आरएनएमध्ये जी-ए-जी किंवा यू-ए-जी अशी अकरा त्रिके, मध्ये दोन-तीन अक्षरांचे अंतर राखून, येतात. अकरा त्रिके आणि अकरा उपघटक. धागा गुंडाळला गेला की प्रतिलेखन चालू ठेवणारी घडी पडू शकत नाही, समाप्तीची घडी पडते आणि पुढची जनुके वाचलीच जात नाहीत.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यू-ए-जी हे त्रिक भाषांतरणात पूर्णविरामाचे काम करते, जी-ए-जी हे ग्लुटामिक आम्लाचा संकेत म्हणून वाचले जाते. ट्रॅपला मात्र या दोन्ही अर्थांशी काहीही कर्तव्य नाही. त्याच्या दृष्टीने ही केवळ धरण्याची जागा. अक्षरे तीच, वाचक बदलला की अर्थ बदलतो. ‘जनुकीय संकेत’ ही एकच भाषा आहे असे आपण शिकवितो. वस्तुतः त्याच धाग्यावर किमान दोन वाचक दोन निरनिराळ्या रीतींनी वाचन करीत असतात.

ट्रॅपची कथा येथे संपली असती तरी ती जाकोब-मोनो यांच्या आकृतीची आरएनएवरील आवृत्ती ठरली असती. परंतु एक निरीक्षण फार पूर्वीपासून अस्वस्थ करणारे होते. ट्रिप्टोफॅन टी-आरएनएवर चढविणारे विकर सदोष असलेल्या जीवाणूंत, ट्रिप्टोफॅन मुबलक असूनही, ऑपेरॉन चालू राहत असे. ट्रॅप जर केवळ ट्रिप्टोफॅनकडे पाहत असेल तर असे होता कामा नये. याचे उत्तर 2001 साली व्हॅलबुझी आणि यानोफ्स्की यांनी दिले. भाररहित टी-आरएनए साचला की ‘प्रति-ट्रॅप’ नावाचे एक लहान प्रथिन तयार होते; ते ट्रिप्टोफॅनने भरलेल्या ट्रॅपला धरते आणि आरएनएपासून दूर ठेवते. हे प्रति-ट्रॅप तयार व्हावे की नाही हेही दोन ठिकाणी ठरते : भाररहित टी-आरएनए स्वतःच त्याच्या जनुकाच्या आरंभीच्या आरएनएला चिकटतो, शिवाय तेथेही एका अल्प पेप्टाइडमध्ये ट्रिप्टोफॅनचे तीन सलग संकेत आहेत, ज्यांच्यावर रायबोसोम अडखळतो. म्हणजे ई. कोलायने जी युक्ती थेट ऑपेरॉनवर वापरली तीच बॅसिलसने एक पायरी मागे सरकवून वापरली आहे. पेशी एकाच वेळी दोन गोष्टी पाहते : ट्रिप्टोफॅन किती आहे, आणि त्यापैकी प्रथिननिर्मितीच्या कामी किती लागत आहे. कोठारात धान्य आहे याचा अर्थ जात्यावर पीठ पडते आहे असा होत नाही.

आणखी दोन उदाहरणे :

हटपी या प्रथिनाचे उदाहरण ट्रॅपच्या उलट दिशेचे असल्यामुळे महत्त्वाचे आहे. बॅसिलसमध्ये हिस्टिडिनचे विघटन करणारी जनुके हिस्टिडिन उपलब्ध असतानाच हवी असतात. हिस्टिडिन आणि मॅग्नेशियमचा आयन यांच्या उपस्थितीत हटपी आरएनएवरील समाप्तीच्या घडीला धरते आणि प्रतिलेखन पुढे जाऊ देते. सहा उपघटकांच्या या प्रथिनाची आरएनएसह रचना 2005 साली जपानमधील त्सुकुबा येथील कुमारवेल, मिझुनो आणि कुमार यांनी प्रसिद्ध केली. ट्रॅपच्या बाबतीत लघुरेणू दार लावतो, हटपीच्या बाबतीत उघडतो. पिरिमिडिनच्या निर्मितीवर लक्ष ठेवणारे ‘पायर-आर’ प्रथिन यूएमपीच्या साहाय्याने आरएनएला धरते व समाप्ती घडवून आणते. रॉबर्ट स्वित्झर यांच्या प्रयोगशाळेत त्याचा प्रदीर्घ अभ्यास झाला. त्याची गंमत अशी की ते स्वतः एक विकरही आहे.

बंध म्हणजे नियंत्रण नव्हे :

विकर आणि आरएनए-बंधक अशी दुहेरी भूमिका करणारी प्रथिने ही आज या क्षेत्रातील सर्वांत आकर्षक आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत धोक्याची जागा आहे. ॲकॉनिटेज हे सिट्रिक आम्ल चक्रातील विकर. बॅसिलसमधील हे विकर आरएनएलाही चिकटते, हे 1999 साली दाखविले गेले. लोह अपुरे पडले की त्यातील लोह-गंधकाचा गुच्छ विस्कटतो, विकर म्हणून ते निरुपयोगी होते आणि आरएनएला धरण्याचे काम पुढे येते. येथे लघुरेणूची उपस्थिती नव्हे, तर अनुपस्थिती परिणाम घडविते. सस्तन प्राण्यांतही याच घराण्यातील प्रथिन लोहाच्या व्यवहारात अशीच भूमिका बजावते. त्यामुळे हे उदाहरण भक्कम मानले जाते आणि ते योग्यच आहे.

परंतु अलीकडच्या काळात पेशीतील सर्व आरएनए-बंधक प्रथिने एकाच वेळी पकडण्याच्या पद्धती विकसित झाल्या आणि त्यांच्या जाळ्यात चयापचयातील विकरे मोठ्या संख्येने सापडू लागली. विकर आहे म्हणजे त्याला लघुरेणू चिकटतो. जाळ्यात सापडले म्हणजे आरएनएही चिकटतो. तस्मात् लघुरेणू आरएनएचे नियंत्रण करतो. हा युक्तिवाद कितीही मोहक असला तरी तर्कदृष्ट्या तो अपुरा आहे. दोन बंध सिद्ध झाले म्हणून त्यांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाही. संबंध असलाच तरी पेशीत तो परिणामकारक आहे हे वेगळे दाखवावे लागते. लघुरेणूची पेशीतील संहती ज्या मर्यादेत खरोखर बदलते, त्याच मर्यादेत प्रथिनाची पकड बदलते काय? प्रथिनातील खोबण उत्परिवर्तनाने बिघडविली असता केवळ आरएनएशी असलेले वर्तन बदलते, की विकराचे कामच थांबल्यामुळे साऱ्या पेशीचा तोल जातो? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ‘नियंत्रण’ हा शब्द राखून ठेवणे इष्ट. ट्रॅपच्या बाबतीत ही उत्तरे आहेत. तेथे उत्परिवर्ती आधी सापडले, रचना नंतर आली. आज अनेकदा क्रम उलटा असतो : आधी यादी, मग रचना, आणि उत्परिवर्ती सवडीने.

घाई न करता काम केल्यास काय हाती लागते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ई. कोलायमधील ‘रॅप-झेड’ हे प्रथिन. पेशीभित्तिकेसाठी लागणारे ग्लुकोसॅमिन-6-फॉस्फेट तयार करणारे विकर किती प्रमाणात निर्माण व्हावे हे दोन लघु-आरएनए ठरवितात, हे 2008 पर्यंत स्पष्ट झाले होते. त्यांपैकी एक त्या विकराच्या भाषांतरणाला साहाय्य करतो; दुसरा रॅप-झेडला अडकवून ठेवतो, जेणेकरून पहिल्याचा नाश होऊ नये. रॅप-झेडची ही भूमिका 2013 मध्ये उघड झाली. पण साखळीच्या मुळाशी असलेला प्रश्न शिल्लकच होता : ग्लुकोसॅमिन-6-फॉस्फेट कमी पडले आहे हे ओळखते कोण? रॅप-झेड हेच त्या रेणूला थेट धरते आणि त्याची चणचण ओळखते, हे बोरिस ग्योर्क यांच्या गटाने 2020 साली मांडले. मधल्या सात वर्षांत ‘रॅप-झेड बहुधा संवेदक असावे’ असे म्हणणे सोपे होते. ‘बहुधा’ आणि ‘आहे’ यांतील अंतर प्रयोगाने भरून काढावे लागले.

याउलट सीएसआर-ए हे प्रथिन घ्यावे. टोनी रोमिओ यांनी 1993 साली वर्णन केलेले हे प्रथिन कार्बनसाठ्यासह जीवाणूच्या कितीतरी व्यवहारांवर प्रभाव टाकते. त्याला आवर घालतात ते लघु-आरएनए, जे त्याला स्पंजाप्रमाणे शोषून घेतात. ॲसिटेट, फॉर्मेट यांसारख्या लघुरेणूंचा येथेही हात आहे, परंतु तो दुरून : ते पेशीपटलातील एका संवेदक प्रथिनामार्फत त्या लघु-आरएनएच्या निर्मितीला चालना देतात. परिणाम लघुरेणूचाच, पण प्रथिनाला त्याचा स्पर्शही होत नाही. एकाच शीर्षकाखाली ट्रॅप आणि सीएसआर-ए यांना बसविणारे लेखन हा भेद पुसून टाकते. विद्यार्थ्याच्या वहीत मग दोन्हींसमोर ‘लघुरेणूद्वारे नियंत्रण’ एवढेच उरते.

शब्दांविषयी :

आता ‘नियंत्रण’ या शब्दाकडे वळणे आवश्यक आहे. मराठीत नियंत्रण म्हटले की नियंता आला. वाहतूक नियंत्रण, किंमत नियंत्रण, गर्दीवरील नियंत्रण. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हुकूम देणारा असतो. वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, पण ट्रिप्टोफॅन पुरेसे झाले हे मोजतं कोण?” त्या प्रश्नात आपल्या शब्दयोजनेचा दोष अचूक पकडला गेला आहे. मोजणारा कोणी नाही. रेणूंची संख्या वाढली की खोबणीत रेणू असण्याची शक्यता वाढते. खोबणी भरल्या की कड्याची आरएनएवरील पकड वाढते. संख्या घटली की रेणू निसटतात. मोनो, वायमन आणि शांजो यांनी 1965 साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे : प्रथिन दोन स्थितींमध्ये सतत ये-जा करीत असते आणि लघुरेणू त्यांपैकी एका स्थितीचे पारडे जड करतो.

वर्गात समजावून सांगताना प्रस्तुत लेखक बाजार समितीचे उदाहरण देतो. सोयाबीनची आवक वाढली की भाव उतरतो. त्यासाठी कोणाला आदेश काढावा लागत नाही. हे उदाहरण विद्यार्थ्यांना, विशेषतः शेतकरी कुटुंबांतील मुलांना, चटकन पटते. त्याची मर्यादाही सांगावी लागते : बाजारात भाव पाडणारी माणसे असतात, त्यांना हेतू असतात आणि ही मुले ते हेतू आपल्यापेक्षा जास्त जाणतात. रेणूला हेतू नसतो. तरीही ‘कळ दाबली, दिवा लागला’ या प्रचलित उपमेपेक्षा आवक आणि भाव ही उपमा वस्तुस्थितीच्या अधिक जवळची आहे. कळ एक तर चालू असते किंवा बंद. पेशीतील अकरा खोबणी मात्र एखाद्या क्षणी सातच भरलेल्या असू शकतात.

परिभाषेविषयी एक गोष्ट जाता जाता. ‘रिबोस्विच’ हा शब्द 2002 नंतर इतका रूढ झाला की लघुरेणू आणि आरएनए यांचा संबंध म्हणजे रिबोस्विच, असे समीकरण झाले आहे. रिबोस्विचमध्ये आरएनए स्वतःच लघुरेणूला धरतो, मध्ये प्रथिन नसते. बॅसिलसमध्ये थायमिनची दखल आरएनए स्वतः घेतो आणि ट्रिप्टोफॅनची प्रथिनामार्फत. एकाच पेशीत दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात. यांपैकी एक आदिम व दुसरी प्रगत, अशी मांडणी काही लेखनात आढळते. तिला या जीवाणूच्या व्यवहारात तरी आधार दिसत नाही.

औषधांचा संदर्भ :

या चर्चेला केवळ पुस्तकी महत्त्व आहे असे कोणी म्हणू नये. जेफ्री रॉबर्ट्स यांनी 1969 साली शोधलेले ‘ऱ्हो’ हे सहा उपघटकांचे प्रथिन आरएनएला धरून प्रतिलेखन समाप्त करते. 1972 साली जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिस कुलातील जीवाणूपासून मिळालेले बायसायक्लोमायसिन हे प्रतिजैविक नेमके याच प्रथिनाला निष्प्रभ करते. लघुरेणू आणि आरएनए-बंधक प्रथिन यांचे नाते येथे सरळ औषध होते. परंतु क्षयरोगाच्या जीवाणूला जगण्यासाठी ऱ्हो आवश्यक असूनही, त्याचे ऱ्हो या औषधाला दाद देत नाही. औषध बसण्याच्या जागेतील एका अमिनो आम्लाचा फरक त्यास कारणीभूत असल्याचे 2022 मध्ये रचनेवरून दाखविले गेले. ‘जीवाणूंमध्ये ऱ्हो हे बायसायक्लोमायसिनने रोखले जाते’ हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य आहे. कोणत्या जीवाणूत, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

अंतर्गत परीक्षेतील एक प्रश्न :

गेल्या सत्रात ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनवर ‘आकृतीसह स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्न न देता अंतर्गत परीक्षेत पुढील प्रश्न दिला होता : बॅसिलस सबटिलिसमधून प्रति-ट्रॅपचे जनुक काढून टाकले आणि ट्रिप्टोफॅन टी-आरएनएवर चढविणारे विकर मंदावले, माध्यमात ट्रिप्टोफॅन भरपूर आहे. ऑपेरॉन चालू राहील की बंद? कारण द्या.

बहुसंख्य उत्तरपत्रिकांत ई. कोलायची आकृती सुबकपणे काढलेली होती, रायबोसोम अडखळलेला दाखविला होता आणि उत्तर ‘चालू’ असे होते. ई. कोलायमधील रायबोसोम अडखळण्याच्या मार्गापुरते ते बरोबर ठरले असते. तीन उत्तरपत्रिकांत मात्र आकृती नव्हती. त्यांत एवढेच लिहिले होते की ट्रॅपच्या खोबणी ट्रिप्टोफॅनने भरलेल्या राहतील, त्याला आरएनएपासून सोडविणारे कोणी नसेल, आणि म्हणून प्रथिननिर्मितीसाठी भारित टी-आरएनए कमी पडत असतानाही ऑपेरॉन बंदच राहील. त्या तिघांना पूर्ण गुण दिले. त्यांपैकी एकाने खाली पेन्सिलने लिहिले होते : “सर, आकृती काढायला जमली नाही.”